हत्ती कोणाचा?

गार्थ ओवेन-स्मिथ १९८२ साली काओकोवेल्डमध्ये परतले, तेव्हा तिथल्या कोरड्या नद्यांच्या पात्रांत हत्तींची हाडं पडली होती. कवट्या फोडून सुळे काढून नेलेले आणि बाकीचं धूड तरस-गिधाडांना सोडलेलं. नामिबियाच्या वायव्येचा हा मुलूख त्या वेळी दक्षिण आफ्रिकेच्या ताब्यात होता. ओवेन-स्मिथ पूर्वी इथेच शेती खात्यात नोकरीला होते. हिंबा आणि हेरेरो पशुपालकांमध्ये त्यांची ऊठबस होती. ती सरकारला रुचली नाही आणि १९७० मध्ये त्यांना तिथून बाहेर काढण्यात आलं. बारा वर्षांनी ते आले ते एका संस्थेतर्फे, वन्यप्राणी वाचवायला. वाचवण्यासारखं फार उरलंही नव्हतं. त्या वाळवंटी टापूतले हत्ती काही शेकड्यांवर आले होते आणि काळे गेंडे शंभराच्याही आत होते.

मारत कोण होतं? एक तर दुष्काळाने नागवलेले लोक. १९८० नंतरच्या दोन-तीन वर्षांत पाऊस असा रुसला की गुरांचे कळपच्या कळप बसल्या जागी मेले. हिंबा-हेरेरोंची गुरं म्हणजे त्यांची बँक, त्यांचा मान आणि रोजचं दूध. ती गेल्यावर हातात बंदूक असलेला माणूस मांसासाठी आणि चार पैशांसाठी रानात शिरला. दुसरे शिकारी मात्र भुकेले नव्हते. सरकारी अधिकारी आणि दक्षिण आफ्रिकी सैन्यातली माणसंही या लुटीत होती. कुंपणच शेत खात होतं आणि शिक्षा व्हायची ती गुराख्याला.

अशा वेळी सरकारांचा उपाय ठरलेला असतो: आणखी रक्षक, आणखी बंदुका, पहाटेच्या धाडी. ओवेन-स्मिथ आणि ख्रिस आयर नावाचे एक वनाधिकारी यांनी वेगळी वाट धरली. ते गावप्रमुखांकडे गेले आणि त्यांच्याशी बोलत बसले. जोशुआ कांगोम्बे यांच्यासारख्या प्रमुखांशी झालेल्या बैठकांतून एक गोष्ट पुढे आली. रानातले प्राणी संपावेत असं या लोकांना मुळीच वाटत नव्हतं. पण त्याबद्दल काही करण्याचा अधिकार त्यांना कुणी दिलाच नव्हता. प्राणी सरकारचे, कायदा सरकारचा, तुरुंगही सरकारचाच. मग राखण तेवढी गावाने का करावी?

१९८३ पासून प्रमुखांनी आपापल्या गावातली माणसं राखणीला नेमायला सुरुवात केली. निवड त्यांची, जबाबदारीही त्यांचीच. निवडलेली माणसं माग काढण्यात तरबेज होती, आणि त्यातल्या काहींनी ही विद्या कुठे कमावली असेल हे सांगायला नको. त्यांना अटक करायची नव्हती, कुणावर बंदूक रोखायची नव्हती. रान पायी तुडवायचं, पाऊलखुणा वाचायच्या आणि काही वावगं दिसलं की प्रमुखाच्या कानावर घालायचं. परक्या गाडीच्या चाकोऱ्या, रात्री वाजलेला बार, एखाद्या घरी अचानक शिजलेलं मांस. गावात या गोष्टी कुणापासून लपतात? मोबदला म्हणाल तर शिधा आणि वर थोडी रोकड.

या व्यवस्थेचं मर्म नेमणुकीत होतं. सरकारने पैसे देऊन ठेवलेला माणूस गावाच्या लेखी खबऱ्या ठरतो. त्याच्यासमोर लोक बोलायचे थांबतात, त्याच्या घरी लग्नाचं बोलावणं जात नाही. प्रमुखाने नेमलेला माणूस मात्र गावचा राखणदार असतो. त्याने चोरट्या शिकाऱ्याचं नाव सांगितलं तर तो फितूर ठरत नाही. उलट शिकार करणाऱ्यालाच प्रमुखाच्या आज्ञेबाहेर गेल्याचा बट्टा लागतो. पुढच्या काही वर्षांत पकडलेल्या शिकाऱ्यांवर खटले उभे राहिले, शिक्षा झाल्या आणि त्या भागातली शिकार ओसरली.

लक्षात घ्यायचं ते हे की तोवर गावाच्या हाती वन्यप्राण्यांपासून एक छदामही आला नव्हता. पर्यटकांचे तंबू, करार, नफ्याची वाटणी हे सगळं पुढचं. ‘स्थानिकांना पैसा मिळाला की ते हत्ती वाचवतात’ असं आज सर्रास लिहिलं जातं, आणि त्यात तथ्यही आहे. पण काओकोवेल्डचा क्रम उलटा आहे. तिथे आधी अधिकार आला, पैसा मागाहून.

हा मुलूखच अजब आहे. अटलांटिकला लागून असलेल्या वाळवंटातून होआनिब, होआरुसिब, हुआब, उगाब अशा नद्या समुद्राकडे जातात. जातात म्हणायचं इतकंच, कारण वर्षातले बहुतेक दिवस त्यांत पाण्याचा टिपूस नसतो. पात्राच्या वाळूखाली मात्र ओल टिकते. त्या ओलीवर आना नावाच्या बाभळीसारख्या झाडांच्या रांगा उभ्या असतात, आणि त्यांच्या शेंगांवर हत्ती जगतात. सोंडेने आणि पायाने वाळू उकरून ते झरे काढतात, पाण्याविना काही दिवस तग धरतात, चाऱ्यापाण्यासाठी मैलोन् मैल चालतात. ही हत्तींची निराळी जात नाही. आफ्रिकी गवताळ रानातलाच हा हत्ती. वाळवंटात कसं जगायचं याची शिकवणूक कळपातल्या वयस्क हत्तिणींकडून पिढी दर पिढी पुढे येते. हत्तिणीचा गर्भकाळ २२ महिन्यांचा, आणि दोन पिल्लांमध्ये साधारण चार-पाच वर्षांचं अंतर. अशा कळपातली एखादी म्हातारी हत्तीण मेली तर डोक्यांच्या मोजणीत एकाचा फरक पडतो, पण पाण्याच्या जागांची तिची माहितीही तिच्याबरोबर जाते.

आता कायद्याकडे वळू. वसाहतीच्या काळात नामिबियातले वन्यप्राणी सरकारी मालमत्ता होते. पुढे गोऱ्या शेतमालकांना त्यांच्या खासगी जमिनीवरच्या वन्यप्राण्यांवर हक्क मिळाले. शिकार करा, मांस विका, पाहुणे आणा. परिणाम झटकन दिसला. ज्या शेतमालकांना हरणं गुरांचा चारा खाणारी पीडा वाटत होती, तेच ती राखू लागले. काळ्या लोकांच्या सामायिक जमिनींना मात्र हा हक्क नव्हता. तिथे गावकऱ्याने हरीण मारलं की ती चोरी. एकाच देशात, एकाच प्राण्याबद्दल, कातडीच्या रंगावरून दोन न्याय.

२१ मार्च १९९० रोजी नामिबिया स्वतंत्र झाला. नव्या राज्यघटनेत परिसंस्था आणि जैवविविधता जपण्याचं कलम आलं. त्याआधीच, १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात, पुरोस या हिंबा वस्तीत एक छोटा प्रयोग झाला होता. हत्ती बघायला येणारे पर्यटक वस्तीत शिरत, फोटो काढत आणि धूळ उडवत निघून जात. मार्गारेट जेकबसन या संशोधक तिथे लोकांमध्ये राहून काम करत होत्या. त्यांच्या आणि ओवेन-स्मिथ यांच्या पुढाकाराने येणाऱ्या पाहुण्यांवर एक पट्टी बसवली गेली आणि ते पैसे वस्तीला मिळू लागले. रक्कम किरकोळ होती, पण ती कशी वाटायची यावर वस्तीत लांबलचक चर्चा झडल्या, आणि पुढच्या कायद्याला त्या उपयोगी पडल्या. या दोघांना १९९३ मध्ये गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला.

१९९६ मध्ये नामिबियाने निसर्ग संरक्षण कायद्यात दुरुस्ती केली आणि गोऱ्या शेतमालकांना होता तसा हक्क सामायिक जमिनीवरच्या लोकांनाही दिला. मात्र अटी घालून. लोकांनी आपली हद्द ठरवायची आणि शेजारच्या गावांनी ती मान्य करायची. सभासदांची नोंद करायची, समिती निवडायची, नियमावली लिहायची आणि मिळकत कशी वाटणार हे आधीच सांगायचं. एवढं केलं की सरकार त्या संस्थेची ‘कॉन्झर्व्हन्सी’ म्हणून नोंदणी करतं. हद्दीचं भांडण मिटेपर्यंत नोंदणी अडते, आणि काही ठिकाणी ते मिटायला वर्षं लागली. आपल्याकडच्या बांधाच्या भांडणांची आठवण यावी असाच तो प्रकार.

१९९८ मध्ये पहिल्या चार कॉन्झर्व्हन्सी नोंदल्या गेल्या. आज त्यांची संख्या ८६ आहे, देशाचा सुमारे २० टक्के भूभाग त्यांच्याखाली येतो आणि दोन लाखांहून अधिक माणसं त्यांत राहतात. ही अभयारण्यं नव्हेत. लोक तिथेच राहतात, गुरं चारतात, पाऊस असेल तिथे शेती करतात. काही पट्टे वन्यप्राण्यांसाठी मोकळे ठेवायचे, काही पर्यटनासाठी, हे गावच ठरवतं.

तोरा ही त्या पहिल्या चारांतली एक. १९९६ मध्ये, म्हणजे नोंदणीच्याही आधी, तिथल्या लोकांनी एका सफारी कंपनीशी करार केला आणि डमारालँड कॅम्प उभा राहिला. जमीन लोकांची, भांडवल कंपनीचं, मिळकतीतला ठरलेला हिस्सा गावाचा, आणि नोकऱ्यांत स्थानिकांना पहिला मान. स्वयंपाकघरात किंवा खोल्यांच्या झाडलोटीवर लागलेल्या मुली पुढे व्यवस्थापक झाल्या. काही वर्षांतच तोरा बाहेरच्या मदतीशिवाय आपला खर्च भागवू लागली. ग्रूटबर्गच्या डोंगरकड्यावर २००५ मध्ये दुसऱ्या एका कॉन्झर्व्हन्सीने याच्याही पुढची पायरी गाठली. तिथलं अख्खं लॉज गावकऱ्यांच्या मालकीचं, चालवायला तेवढी कंपनी नेमलेली.

राखणदारांच्या कामालाही शिस्त आली. त्यांच्या हातात एक वही असते, तिला ‘इव्हेंट बुक’ म्हणतात. कोणता प्राणी कुठे दिसला, कुठे फासा सापडला, कोणाचं कुंपण हत्तीने मोडलं, कोणाची शेळी चित्त्याने नेली, हे सगळं तीत साध्या खुणांनी नोंदवायचं. महिन्याच्या शेवटी त्या नोंदींचा तक्ता रंगवायचा आणि वर्षअखेरीला तो भिंतीवर लावायचा. कमी शिकलेल्या माणसालाही तो वाचता येतो. महत्त्वाचं म्हणजे माहितीची मूळ वही गावातच राहते. शास्त्रज्ञ किंवा अधिकारी नेतात ती प्रत. आपल्याकडे गावात येऊन माहिती गोळा करणाऱ्यांचा अहवाल गावाने कधी पाहिला आहे का, असा प्रश्न इथे सहज मनात येतो.

१९९५ च्या सुमारास नामिबियात अंदाजे साडेसात हजार हत्ती होते; आता वीस हजारांहून जास्त आहेत. यात शेजारच्या बोट्स्वानातून ये-जा करणारे कळपही धरलेले आहेत, म्हणून सगळं श्रेय एका योजनेच्या पदरात घालणं बरोबर नाही. पण त्याच काळात आफ्रिका खंडात काय घडत होतं हे पाहिलं तर फरक कळतो. २०१६ मध्ये जाहीर झालेल्या विमानातून केलेल्या महागणनेत १८ देशांत मिळून साडेतीन लाखांच्या आसपास गवताळ रानातले हत्ती भरले, आणि आधीच्या सात वर्षांत ही संख्या ३० टक्क्यांनी घटल्याचं दिसून आलं.

ही घट घडवणारा बाजार आफ्रिकेत नव्हता. सुळा म्हणजे हत्तीचा वाढलेला दात. त्याचा जवळपास तिसरा हिस्सा कवटीत रुतलेला असतो, म्हणून तो अख्खा हवा तर हत्ती मारावाच लागतो. रानात गोळी झाडणाऱ्याला या साखळीत सर्वांत कमी पैसे मिळतात. खरी कमाई बंदरावरच्या दलालांची आणि दूरच्या शहरांतल्या दुकानांची. या व्यापाराशी आपलाही जुना संबंध आहे. एकोणिसाव्या शतकात झांझिबारहून निघालेलं हस्तिदंत मोठ्या प्रमाणावर मुंबई बंदरात उतरत असे. काही इथून लंडनला जाई, तर काही गुजरात-राजस्थानातल्या नववधूंच्या हातातले चुडे होऊन संपे. विसाव्या शतकात गिऱ्हाईक बदललं, आधी जपान आणि मग चीन. १९७९ मध्ये आफ्रिकेत तेरा लाख हत्ती असल्याचा अंदाज होता. दहा वर्षांत ते निम्म्यावर आले. जुलै १९८९ मध्ये केनियाचे अध्यक्ष डॅनियल अराप मोई यांनी १२ टन हस्तिदंताची होळी केली आणि त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालण्याचा निर्णय झाला. नामिबियासारख्या दक्षिणेकडच्या देशांना ती पटली नाही. आम्ही नीट राखलेल्या हत्तींची शिक्षा आम्हाला का, असा त्यांचा सवाल. पुढे १९९९ आणि २००८ मध्ये साठ्यातलं हस्तिदंत विकायची सवलत त्यांना मिळाली. दुसऱ्या विक्रीनंतर शिकारीची नवी लाट उसळली आणि २०११ मध्ये ती शिगेला पोहोचली. विक्रीमुळेच ती आली की चीनमधल्या वाढत्या पैशामुळे, यावर अभ्यासक अजून भांडतात. चीनने २०१७ अखेर आपली अंतर्गत बाजारपेठ कायद्याने बंद केली, आणि त्याआधीच तिथले कच्च्या हस्तिदंताचे भाव तीन वर्षांत जवळपास तिसऱ्या हिश्श्यावर आले होते. एकीकडे गिऱ्हाईक तुटलं पाहिजे आणि दुसरीकडे रानातलं गाव जागं पाहिजे. एकाने दुसऱ्याचं काम भागत नाही.

नामिबियालाही ती लाट चुकली नाही. देशाच्या ईशान्येला झांबेझी नावाची चिंचोळी पट्टी आहे, तिच्या तीन बाजूंना दुसरे देश. २०१६ मध्ये देशात शंभरच्या आसपास हत्ती मारले गेले, त्यातले बहुतेक या भागातले. सीमा ओलांडून आलेल्या टोळ्यांपुढे वहीवाले राखणदार पुरे पडत नाहीत; तिथे पोलीस, सैन्य आणि न्यायालय लागतंच. पण टोळीलाही रस्ता दाखवणारा, भाकरी देणारा गावातला कुणीतरी लागतो. तो मिळेनासा झाला की धंदा अवघड होतो. पुढच्या वर्षांत मारल्या जाणाऱ्या हत्तींची संख्या उतरत गेली.

लोकांना हिस्सा द्यायचा हा विचार नामिबियाच्या आधी झिम्बाब्वेने राबवला होता. १९८९ मध्ये सुरू झालेल्या ‘कॅम्पफायर’ या कार्यक्रमाचा जगभर गाजावाजा झाला. पण तिथे हक्क गावाला न देता जिल्हा परिषदेसारख्या संस्थेला दिला होता. पैसे वरून खाली यायचे, आणि वाटेत ते कसे झिरपतात हे मराठी वाचकाला समजावून सांगायची गरज नाही. गावात पोचणारा हिस्सा आटला, २००० नंतर देशाची घडीच विस्कटली आणि लोकांचा उत्साह ओसरला. नामिबियाने यातून घेतलेला धडा साधा होता: करार आणि बँकखातं थेट गावसंस्थेच्या नावावर.

तरीही कॉन्झर्व्हन्सीत सगळं आलबेल आहे असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नये. वार्षिक सभांमध्ये हिशेबावरून खडाजंगी होते, समितीवाले गाडी घरच्या कामाला वापरतात अशा तक्रारी असतात, काही ठिकाणी पैशाची अफरातफरही झाली आहे. मिळकतही सारखी नाही. नदीकाठी डौलदार लॉज असलेली कॉन्झर्व्हन्सी श्रीमंत, तर रस्त्यापासून दूर, सपाट झुडपी रानातली गरीब. आणि हत्ती दोन्हीकडे सारखेच येतात.

ते येतात मुख्यतः पाण्यासाठी. वाळवंटातल्या वस्तीत एक विंधन विहीर, तिच्यावर पवनचक्की आणि शेजारी टाकी एवढंच पाणी असतं. तहानलेला कळप रात्री येतो, टाकी रिकामी करतो, वर पाइप उखडून जातो. सकाळी बायका आणि गुरं कोरड्या टाकीसमोर उभी. काही कॉन्झर्व्हन्सींनी टाक्यांभोवती दगडांच्या जाड भिंती उभारल्या आणि वस्तीपासून लांब हत्तींसाठी वेगळे हौद बांधले. झांबेझीच्या बाजूला, जिथे मका पिकतो, तिथे शेण आणि मिरची एकत्र करून केलेल्या विटा शेताच्या कडेला धुमसत ठेवतात. त्या धुराने हत्तीच्या सोंडेला ठसका लागतो. केनियात ल्यूसी किंग या संशोधिकेने मधमाश्यांच्या पोळ्यांचं कुंपण लोकप्रिय केलं. मधमाश्यांच्या पेट्या जोडणाऱ्या तारेला हत्तीचा धक्का लागला की पेट्या हलतात आणि माश्या उठतात. शिवाय मध विकता येतो. यातला कोणताही उपाय रामबाण नाही. धूर वाऱ्याने उडतो, पेट्या दुष्काळात रिकाम्या पडतात. तरी चार उपाय आलटून पालटून वापरले की नुकसान सोसण्याजोगं होतं.

सगळ्यांत अवघड वाद शिकारीचा आहे, परवान्याच्या शिकारीचा. सरकार ठरवून देईल तेवढे मोजके प्राणी परदेशी हौशी शिकाऱ्यांना मारू द्यायचे आणि त्यांच्याकडून भरपूर पैसा घ्यायचा, हा कॉन्झर्व्हन्सींच्या मिळकतीचा मोठा भाग आहे. मांस गावात वाटलं जातं. ज्या कोरड्या, आडवाटेच्या भागांत पर्यटक फिरकत नाहीत, तिथे बहुधा हीच एकमेव कमाई. हत्ती वाचवण्यासाठी हत्ती मारू देणं भारतीय मनाला पचत नाही, आणि पचू नयेही. हौसेखातर एवढा प्राणी मारणाऱ्या माणसाबद्दल आदर वाटणं कठीण आहे. पण बर्लिन-लंडनमधल्या दिवाणखान्यात बसून बंदी घाला म्हणणाऱ्यांना गावकऱ्यांनी विचारलेला प्रश्न खोटा नाही: ती मिळकत बंद झाली तर राखणदाराचा पगार कोण देणार? शेजारच्या बोट्स्वानाचे तेव्हाचे अध्यक्ष मोकग्वीत्सी मासिसी यांनी तर २०२४ मध्ये एका जर्मन वृत्तपत्राजवळ चिडून जर्मनीला वीस हजार हत्ती भेट देण्याची भाषा केली. तुम्ही सांगता तसं आता तुम्हीच त्यांच्याबरोबर राहून दाखवा, असा त्यांचा सूर होता.

सरकारांच्या हेतूवर शंका घ्यायलाही जागा आहे. नामिबियाने १७० जिवंत हत्ती विकायला काढले. ऑगस्ट २०२१ मध्ये त्यातले ५७ विकले गेले आणि पुढच्या वर्षी त्यांपैकी काही संयुक्त अरब अमिरातीतल्या प्राणिसंग्रहालयांत पोचले. रानातल्या हत्तीचं हे काय पुनर्वसन म्हणायचं? २०२४ च्या भीषण दुष्काळात सरकारने ७२३ वन्यप्राणी मारून त्यांचं मांस भुकेल्या लोकांत वाटायचं ठरवलं. त्यात ८३ हत्ती होते. जगभर गदारोळ उठला. एका बाजूला उपाशी माणसं होती हे खरं, आणि दुष्काळात प्राण्यांकडे मांसाचा साठा म्हणून पाहायची सवय लागली तर ती सुटत नाही, हेही खरं.

पर्यटनावर विसंबण्यातला धोका कोविडने दाखवला. २०२० मध्ये विमानं थांबली, लॉज ओस पडली आणि बहुतेक कॉन्झर्व्हन्सींचं उत्पन्न काही आठवड्यांत आटलं. राखणदारांचे पगार चालू ठेवायला सरकार आणि देणगीदारांना एकत्र येऊन मदतनिधी उभारावा लागला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ओवेन-स्मिथ यांचं निधन झालं.

भारतात हत्तीची शिकार कोणत्याही परवान्याने होत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने प्राणी पूर्णपणे राज्याच्या ताब्यात आहेत. तरीही अधिकाराचा काही अंश गावाकडे देता येतो, हे केरळातल्या पेरियारने दाखवून दिलं. आशियाई हत्तींत मोठे सुळे फक्त नरांना असतात, त्यामुळे शिकारी नेमके नर टिपतात. १९७० आणि ८० च्या दशकांत पेरियारमध्ये इतके टस्कर मारले गेले की एका प्रौढ नरामागे शंभराहून अधिक माद्या अशी अवस्था झाली. कळप डोळ्यांना भरलेला दिसे, पण पिल्लं होणार कशी?

त्या जंगलात ‘वयना’ म्हणजे रानदालचिनीची साल चोरून तोडणाऱ्या लोकांची एक टोळी होती. रानाच्या आतल्या वाटा त्यांच्या पायाखालच्या, आणि शिकाऱ्यांच्या टोळ्यांशीही त्यांची ओळख. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात जागतिक बँकेच्या मदतीने परिसर-विकासाची योजना आली, तेव्हा वनखात्याने या माणसांशी बोलणी केली. वीस-बावीस जणांनी चोरवाटा दाखवल्या, साथीदारांची माहिती दिली आणि त्यांची एक समिती झाली. आता हीच माणसं पर्यटकांना जंगलात पायी मुक्कामी नेतात, सोबत एक बंदूकधारी वनरक्षक असतो. पाहुण्यांच्या पैशातून त्यांची मजुरी निघते आणि एरवी माणूस फिरकत नाही अशा कोपऱ्यांत आपोआप गस्त होते. शेजारच्या आदिवासी वस्त्यांत मन्नान लोक मिरीचं पीक काढतात. ते पीक व्यापाऱ्यांकडे आधीच गहाण पडलेलं असे. समित्यांनी कर्ज फेडायला आणि मिरी थेट विकायला मदत केली. बायकांनी ‘वसंतसेना’ नावाचा गट काढून चंदनाच्या झाडांसाठी आळीपाळीने गस्त सुरू केली, तीही बिनपगारी. योजना २००४ मध्ये संपली, तेव्हा काम बंद पडू नये म्हणून पर्यटकांच्या प्रवेश शुल्कावर अधिभार बसवून एक स्वतंत्र प्रतिष्ठान उभारलं गेलं. भारतातल्या अशा बहुतेक योजना निधी संपताच विरून जातात. पेरियार टिकलं ते या तजविजीमुळे.

महाराष्ट्रापुढचा प्रश्न याहून निराळा आहे. २००२ च्या सुमारास कर्नाटकातून सिंधुदुर्गात आलेल्या हत्तींनी दोडामार्ग परिसरात माड, केळी, सुपारी आणि भातशेतीचं नुकसान सुरू केलं. २०१५ मध्ये तीन हत्ती पकडले गेले, तरी प्रश्न मिटला नाही. २०२१ मध्ये छत्तीसगडच्या बाजूने एक कळप गडचिरोलीत उतरला. रानटी हत्ती काय चीज असते हे तिथल्या दोन-तीन पिढ्यांना ठाऊकच नव्हतं. इथे सुळ्यांसाठी कुणी टपून बसलेलं नाही. इथला धोका शेताभोवती रानडुकरांसाठी सोडलेल्या विजेच्या तारेचा आहे, आणि ती तार हत्तीएवढीच माणसालाही मारते.

याच गडचिरोलीत मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाला, आणि त्यानंतर जिल्ह्यातल्या शेकडो ग्रामसभांना. त्या तेंदूपानांचे लिलाव स्वतः करतात, बांबू विकतात, लाखोंचे हिशेब सभेत वाचून दाखवतात. सभासदांची यादी, ठरलेली हद्द, समिती, बँकखातं. नामिबियाने कॉन्झर्व्हन्सीसाठी ज्या गोष्टी मागितल्या त्या सगळ्या इथे आधीच आहेत. हत्तीबद्दल मात्र या ग्रामसभांना वहीत नोंद करायचीही सोय नाही. भात तुडवलं गेलं की शेतकरी अर्ज करतो, वनरक्षक पंचनामा करतो, आणि भरपाईची वाट पाहत तो पुढच्या हंगामाची पेरणी करतो.